डेमो कारची हवा

"तुमचे गाडीन ती झोपली व्हती. मग आमचे गाडीन का नाय झोपत?"

पालेगावचे दत्तात्रय भोईर माझ्या टेबलासमोर उभे होते. बसा म्हटलं तरी बसत नव्हते. सकाळचे साडेअकरा वाजलेले, समोर एक जोडपं राखाडी रंगाच्या तीन शेड पुन्हा पुन्हा उलटून बघत होतं. भोईर काकांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. चिडलेल्या कस्टमरला पाणी कधी द्यायचं, केबिनमध्ये कधी न्यायचं, 'सर, मी पर्सनली बघते' कधी म्हणायचं, हे बावीस वर्षांत मला पाठ झालंय. पण हा माणूस चिडलेला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, म्हणून तो विचारायला आला होता.

आणि मला उत्तर माहीत होतं.

मी गाड्या विकते. उल्हासनगर कॅम्प चारपासून जरा पुढे, मेन रोडला आमचं शोरूम आहे. राहते अंबरनाथ पूर्वेला. रिसेप्शनला लागले होते, आता इलेक्ट्रिक गाड्यांची सीनियर सेल्स कन्सल्टंट आहे. माझ्याकडे स्वतःची एक स्कूटर आहे, तीही पेट्रोलची. लोक हसतात. हसू देत.

भोईर काका पहिल्यांदा आले ते महिनाभर आधी, मुलाबरोबर. मुलगा नितेश, वय अठ्ठावीस. त्याला परफॉर्मन्स कार हवी होती. परफॉर्मन्स म्हणजे जिचं काम फक्त पोहोचवणं नाही, पळणं आहे. पुढे एक मोटर, मागे एक मोटर, आणि पाय दाबला की माणूस सीटला चिकटतो. नितेशने सगळे व्हिडिओ पाहिले होते. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त माहिती होती, निदान त्याचं तसं म्हणणं होतं.

"दोन मोटरी कनाला?" काकांनी विचारलं. कनाला म्हणजे कशाला.

"चारही चाकांना ताकद मिळते, काका."

"म्हंजे दोन बैल. पण एक फुडं नि एक मागं."

मी हसले. ते हसले नाहीत. काकांनी उमेदीची तीस वर्षं छकड्याच्या शर्यती केल्या होत्या. छकडा म्हणजे शर्यतीची हलकी बैलगाडी. आमच्या भागात अजूनही तिचं वेड आहे. गाडी उडते कधी, उलटते कधी, चाक जमीन सोडतं कधी, हे त्यांना कुठलंही ब्रोशर न वाचता कळत होतं. तासाभरात त्यांनी मला विचारलेले प्रश्न आमच्या ट्रेनिंगमध्येही कुणी विचारले नव्हते.

पण त्यांचा मुख्य प्रश्न वेगळा होता. तो त्यांनी नितेश बाहेर फोनवर बोलत असताना विचारला.

"हिला झटका बसला नाय पायजे. बाकी पोराला काय पायजे ते घेऊ दे."

ही म्हणजे हिराकाकू, त्यांची बायको. आजार हाडांत उतरला होता. पाठीच्या मणक्यात. दर तीन आठवड्यांनी तिला मुंबईच्या हॉस्पिटलमध्ये न्यावं लागायचं. जाऊन येऊन पाच तास. त्यांच्या जुन्या गाडीत प्रत्येक खड्ड्याला ती दात आवळून बसायची, आणि घरी आली की दोन दिवस कुणाशी बोलायची नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, झटके टाळा. घरात गाडी एकच घ्यायची होती, चालवणार नितेश होता आणि मागे बसणार काकू होत्या. म्हणून काकांची एक अट होती. काकूंना बसवून बघायचं, मगच गाडी घ्यायची.

इथे थोडं आमच्या धंद्याचं सांगावं लागेल.

या गाडीची तीन व्हेरियंट होती. बेस आमच्याकडे कुणी मागत नाही. मधल्या व्हेरियंटला अ‍ॅडाप्टिव्ह शॉकअप येतात. शॉकअप म्हणजे चाकाला बसलेला दणका पिऊन टाकणारा दांडा. अ‍ॅडाप्टिव्ह म्हणजे बटण दाबून तो मऊ किंवा कडक करता येतो. स्क्रीनवर 'कम्फर्ट' दाबलं की मऊ होतो, 'स्पोर्ट' दाबलं की कडक. चाकं एकोणीस इंची, टायरची भिंत जाड.

टॉप व्हेरियंट ट्रॅकवर पळवण्यासाठी केलेलं. गाडी जमिनीला आणखी जवळ. चाकं एकवीस इंची, त्यामुळे टायर पट्टीसारखा पातळ. ब्रेक मोठे. आणि शॉकअप कडक, कायमचे कडक. वळणावर गाडी झुकू नये म्हणून. गंमत म्हणजे 'कम्फर्ट'चं बटण टॉपच्या स्क्रीनवरही आहे. पण तिथे ते दाबलं तर फक्त स्टिअरिंग आणि अ‍ॅक्सिलरेटर नरम होतात. शॉकअपला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणजे या एका गाडीत टॉप मॉडेल हे सगळ्यात आरामाचं मॉडेल नाही. आपल्याकडे हे कुणाला पटत नाही. टॉप म्हणजे खालच्या सगळ्यात आहे ते, आणि वर आणखी काही, असंच आपल्या डोक्यात बसलंय. फ्रिजपासून फ्लॅटपर्यंत.

आमची डेमो कार, म्हणजे टेस्ट ड्राइव्हची गाडी, मधलं व्हेरियंट होती. टेस्ट ड्राइव्हचा रस्ता ठरलेला. शोरूममधून निघायचं, बदलापूरच्या दिशेने काँक्रीटच्या रोडने जायचं, यू-टर्न मारून परत यायचं. आतल्या गल्लीत गाडी घालायची नाही. आणि आणखी एक गोष्ट, जी आम्ही कस्टमरला कधी सांगत नसू. या गाडीच्या टायरमध्ये हवा बेचाळीस पाहिजे. दरवाजाच्या कडेला स्टिकरवर तसं लिहिलेलं असतं. डेमो कारमध्ये आम्ही ती चौतीस ठेवायचो. हवा कमी असली की टायर गादीसारखा होतो आणि छोटे खड्डे कळतच नाहीत. रेंज, म्हणजे एका चार्जवरचं अंतर, कमी होते, टायर लवकर झिजतो, पण अर्ध्या तासाच्या फेरीत ते कुणाला दिसणार? ही युक्ती मी नवीन असताना एका सीनियरकडून शिकले. पुढे मीच सीनियर झाले आणि दोघांना शिकवली.

काकूंना त्यांनी रविवारी आणलं. बारीक चणीची बाई, हिरवी साडी, डोक्याला स्कार्फ. घरून उशी आणलेली. मागच्या सीटवर डावीकडे बसल्या, उशी पाठीला लावली आणि दाराचं हँडल घट्ट धरलं. मी त्यांच्या शेजारी बसले. काका पुढे, नितेश ड्रायव्हिंगला.

चिखलोली मागे पडलं तेव्हा हँडलवरचा हात सैल झाला होता. बदलापूर यायच्या आत मान एका बाजूला कलंडली. मी घाबरले. मग श्वास ऐकू आला, संथ, थोडा घोरल्यासारखा.

काकांनी मागे वळून पाहिलं. नितेश काहीतरी बोलत होता, त्याच्या मांडीवर त्यांनी हात ठेवला. गप्प बस म्हणून. शोरूम आलं तेव्हा त्यांनी हातानेच खूण केली, थांबवू नको. आम्ही तीच फेरी पुन्हा मारली. कुणीही बोललं नाही. दुसऱ्यांदा शोरूम येईपर्यंत काकांनी दोनदा चष्मा काढून पुसला.

"दोन महिनं झालं, ती दिवसाची अशी झोपली नाय," खाली उतरल्यावर ते मला म्हणाले. "जिच्यान ती झोपली ती गाडी द्या, ताई. दुसरा मना काय नको."

आता जे झालं ते नीट सांगते, कारण मी ते स्वतःला फार वेळा सोयीने सांगून पाहिलंय.

मधल्या व्हेरियंटला चौदा आठवड्यांचं वेटिंग होतं. टॉपची एक गाडी मात्र यार्डात उभी होती, अडीच महिन्यांपासून. काळी. आमचे मालक किशोर सर रोज सकाळी तिच्याकडे बघून चहा प्यायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. "वैशाली, ये काली का कुछ करो," एवढंच म्हणायचे. नितेशला तर टॉपच हवी होती, काळीच हवी होती.

"बाबा, हीच गाडी आहे. याच्यावरचं मॉडेल," नितेश म्हणाला. "आत्ता बसलो त्यापेक्षा भारी. बरोबर ना, मॅडम?"

काका माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हटलं. "फीचर्स जास्त आहेत. फक्त सस्पेन्शन जरा स्पोर्टी आहे."

"स्पोर्टी म्हंजे?"

"म्हणजे रोडला पकड जास्त, बाबा," नितेशनेच उत्तर देऊन टाकलं. तेही खोटं नव्हतं.

मी गप्प बसले. मनात हिशोब केला की चौदा आठवडे या बाईला जुन्या गाडीतून कशाला न्यायचं, ही काही झालं तरी जुन्या गाडीपेक्षा बरी असेल. मी काकूंचंच भलं बघतेय असं मी स्वतःला पटवलं. पटलंही. त्या टॉप गाडीत मागच्या सीटवर मी स्वतः कधीच बसले नव्हते. ते मुद्दाम बसले नव्हते की नाही, याचं उत्तर आजही देता येत नाही.

आठ दिवसांत डिलिव्हरी झाली. नारळ, हार, फोटो. काकांनी फोटोत उभं राहायच्या आधी पुढच्या टायरला अंगठ्याने दाबून पाहिलं. "धाव पातळ हाय," म्हणाले. धाव म्हणजे बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी. मी म्हटलं, "लो प्रोफाइल असतो, काका." त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला.

आणि बरोबर अकराव्या दिवशी ते माझ्या टेबलासमोर उभे होते.

"बटन पन दाबला," ते सांगत होते. "कम्फर्ट. पोरानं माझ्यासमोर दाबला. तरी मुंबईला पोचस्तोवर ती रडली, ताई. रडनारी बाई नाय ती."

मी त्या जोडप्याची माफी मागितली आणि उठले. "काका, मला घेऊन चला. काकू बसतात तिथे मी बसते."

पालेगावच्या दिशेने निघालो, नितेश नव्हता म्हणून गाडी काकाच चालवत होते. नव्या टॉवरांचं काम चालू आहे तिकडे, डंपरनी रस्त्याची चाळण केलेली. मागच्या सीटवर डावीकडे मी. काकूंची उशी तिथेच होती. पहिल्या स्पीडब्रेकरला माझे दात एकमेकांवर आपटले. एका खड्ड्याला कमरेतून थेट मानेपर्यंत कळ गेली. माझी हाडं धडधाकट आहेत. पुढच्या खड्ड्याला मी हँडल धरलं, तसंच घट्ट. एक किलोमीटर झाला असेल, मी म्हटलं, "बाजूला घ्या, काका."

गाडी थांबली. मी पुढे येऊन बसले आणि सगळं सांगितलं. व्हेरियंट वेगळं आहे ते. शॉकअपचं. बटण खोटं नाही पण खरंही नाही ते. आणि शेवटी हवेचं. चौतीस आणि बेचाळीस. ते शेवटी, कारण बाकीचं कंपनीचं होतं, हे माझं होतं.

काकांची नजर समोरच्या डंपरवर होती.

"बैल बाजारान उभा करताना आमीपन शिंगं घासतो," ते म्हणाले. "तेल लावतो. झूल घालतो. सगलेच करतान. पन खोड सांगतो, ताई. मारका हाय का, चालता चालता बसतो का, ते गिऱ्हाइकाला सांगल्याबिगर दावा हातान देत नाय. तुमी खोड सांगली नाय."

दावं म्हणजे बैलाच्या गळ्यातली दोरी. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी रडले. काकांनी गाडी वळवली आणि मला शोरूमला सोडलं.

त्याच दुपारी मी किशोर सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, भोईरांना डेमो कार देऊ या. त्यांची आपण परत घेऊ."

"वैशाली, डील झाली ना? सही केली ना कस्टमरने?"

"मी नीट सांगितलं नव्हतं, सर."

"तू बोली थी ना, स्पोर्टी है? तुझ्या तोंडाने बोललीस. बस." मग आवाज खाली आणून म्हणाले, "डेमो कार अजून सहा महिने हलणार नाही, कंपनीचा रूल आहे. मिडल व्हेरियंट बुक करून दे, उनकी काली एक्स्चेंज में ले लेंगे. इतना मैं करता हूँ."

तेवढं त्यांनी खरंच केलं. वाईट माणूस नाही. बुकिंग झालं, वेटिंग चौदा आठवडे. म्हणजे पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतं तरी तेवढेच. फरक इतकाच, की तेव्हापासून मोजायला सुरुवात झाली असती, आणि काकूंचे मधले दिवस काकांनी जाणूनबुजून ठरवले असते.

वर्कशॉपच्या मोरेंना विचारलं, मधल्याचे शॉकअप याला बसवता येतील का. "वायरिंगच नाही त्यात, मॅडम. कंट्रोलर नाही. नुसता दांडा बसवून काय करू?" हवा थोडी उतरवली, छत्तीसपर्यंत. त्याखाली पातळ टायरची रिम खड्ड्यात चेपते. मोरेंनी तसं काकांना स्पष्ट सांगितलं. मी शेजारी उभी राहून ऐकलं.

पुढचा उपाय काकांनी स्वतः केला. तिसऱ्या आठवड्यात गाडी चेकअपला आली तेव्हा मोरेंनी मला हाक मारली. डिकीत भाताची तीन पोती. घरच्या भाताची, तोंड सुतळीने शिवलेली.

"रिकामी गाडी उडते," काका म्हणाले. "भरली का बसून चालते. छकड्यान कवा बायका-पोरांना बसवला तर आमी दगड टाकायचो."

कडक स्प्रिंगवर वजन टाकलं की ती थोडी नरम वागते, हे अगदी खरं आहे. आमच्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं नाही. तीन सेकंदांत शंभरचा वेग गाठणारी गाडी भाताची पोती घेऊन तीसच्या वेगाने मुंबईला जात होती. नितेश चालवायचा. त्याने स्पोर्टचं बटण त्यानंतर दाबलेलं मी पाहिलं नाही. एकदा तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, मला माहीत होतं सस्पेन्शन कडक आहे. एवढं असेल असं वाटलं नव्हतं." मी त्याला म्हटलं, "मलाही."

"काकू झोपतात का?" मी काकांना विचारायचे.

"झोपत नाय. पन रडत पन नाय."

मधल्या काळात मी डेमो कारची हवा बेचाळीस केली. किशोर सरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "अपने पैर पे कुल्हाड़ी मार रही है तू." पण थांबवलं नाही. टेस्ट ड्राइव्हचा रस्ताही मी वाढवला. काँक्रीट संपल्यावर पालेगावच्या डंपरवाल्या रस्त्याला गाडी घालते. दोन-तीन कस्टमर तिथूनच दुसऱ्या कंपनीकडे गेले.

सोळाव्या आठवड्यात गाडी आली. मधलं व्हेरियंट, पांढरी. चौदा सांगितले की सोळा होतात, हे कस्टमर सोडून सगळ्यांना माहीत असतं. मी लगेच फोन लावला.

"काका, आली गाडी. उद्या घेऊन जा."



"ताई, आता घाई नाय," ते म्हणाले. "काल तिचा बारावा झाला."

मी फोन हातात धरून शोरूमच्या मधोमध उभी राहिले. माझ्या चुकीने काकू गेल्या असं नाही. आजार तसाच होता, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण त्यांच्या आयुष्यातल्या शेवटच्या फेऱ्या कशा व्हायच्या, एवढं मात्र माझ्या हातात होतं. तेवढंच होतं, आणि तेच मी घालवलं.

आठवड्याभराने काका बुकिंग रद्द करायला आले. एकटेच, रिक्षाने. केस उतरवलेले. सह्या झाल्या. किशोर सर स्वतः उठून दारापर्यंत आले. काका दारातून परत फिरले.

"ती गाडी हाय अजून? ती झोपली व्हती ती?"

"आहे, काका."

"एक फेरी मारशील?"

मी चावी घेतली. बाहेर आल्यावर त्यांनी टायरकडे पाहिलं.

"हवा किती हाय?"

"बेचाळीस. आता बेचाळीसच ठेवते."

"तवा व्हती तेवढी कर."

मी वर्कशॉपमधून हवा मोजायचा गेज आणला. साडी खोचून चारही चाकांपाशी एकेक करून बसले आणि हवा सोडली. चौतीस होईपर्यंत. बराच वेळ लागला. काका शेजारी उभे राहून ती फुसफुस ऐकत होते.

मग ते मागे बसले, डावीकडे. मी कम्फर्टचं बटण दाबलं आणि काँक्रीटच्या रोडला गाडी घातली. चिखलोली, बदलापूर, यू-टर्न. मी आरशात फक्त एकदाच पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते, पण झोपलेले नव्हते. शोरूम आलं तेव्हा त्यांनी हाताने खूण केली. मी थांबले नाही, दुसरी फेरी मारली.

उतरल्यावर म्हणाले, "हां. मुंबईला पोचस्तोवर हिच्यान झोप लागली असती तिला." आणि रिक्षा बघायला रस्ता ओलांडून गेले.

त्या संध्याकाळी मी हवा पुन्हा बेचाळीस केली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता एक कस्टमर होता, टॉप मॉडेल बघायला आलेला. त्याला ब्रोशर देण्याआधी मी डेमो कारच्या मागच्या सीटवर बसवलं, पालेगावला नेलं आणि टॉप याहून कडक आहे हे सांगितलं. व्हेरियंट समजावताना आता मी आधी खोड सांगते, मग फीचर्स. माझे विक्रीचे आकडे थोडे खाली आलेत. आणि सस्पेन्शनबद्दल बोलताना 'जरा' हा शब्द मी लावत नाही.